फळ्यावरचं 'शिजले'

मंगळवार, सकाळचे अकरा. रुग्णालयाचं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्याखालचा गॅस वीस मिनिटांपूर्वी संपलेला, आत राजमा अर्धाकच्चा. आणि समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'शिजले, ११.००.'

तो शब्द मी. मीच बोलतोय.

माझं घराणं जुनं. संस्कृतातल्या 'सिध्' धातूपासून मी निघालो. सिद्ध होणं, पुरं होणं, हा त्याचा अर्थ. प्राकृतात 'सिज्झइ' झालो आणि मराठीत येऊन चुलीपाशी बसलो. पाणी उकळतं, तवा तापतो; तिथं माझं काम नाही. दाण्याचं आतपर्यंत पुरं झालं, तरच मी.

हे त्या स्वयंपाकघरात मुख्य आचारीणबाईंना कळलं होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत. पातेल्याच्या तळातला, मधला आणि वरचा, असे तीन दाणे त्या बोटांत चिरडायच्या. तिन्ही मऊ लागले, की हात पुसून मला फळ्यावर लिहायच्या. मी दिसल्याशिवाय वाढपी पातेल्याला हात लावत नसत.

नव्या व्यवस्थापकांना घाई फार.

"मावशी, दाणे काय चिवडत बसता? एवढ्यात माझं लग्न लागलं असतं!"

"लागू दे की साहेब. नवरीलाही हेच सांगेन, नीट चाचपून बघ, मगच हो म्हण."

वाढपी फिदीफिदी हसले. साहेब हसले नाहीत.

त्या मंगळवारी मावशी नवं सिलिंडर आणायला फाटकावर गेल्या. परतल्या, तर शेगडी रिकामी.

"अरे, पातेलं कुठाय?"

"वॉर्डात गेलं की! फळ्यावर होतं ना, शिजले म्हणून."

सिलिंडर तिथंच टाकून त्या धावल्या. ताटं वाढून झाली होती. अर्धाकच्चा राजमा विषासारखा बाधतो; दुपारपर्यंत एकेचाळीस रुग्ण ओकत होते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या दोघांचे टाके उसवले.

चौकशी बसली. बावीस वर्षं नोकरी केलेल्या मावशी निलंबित झाल्या. कारण लिहिलं: 'कच्चे अन्न शिजले अशी खोटी नोंद.'

मला खुशाल पुसून टाका, पण दाणा न चिरडता लिहू नका. माझ्या भरवशावर आजारी माणूस तोंडात घास घालतो.

मला त्या दिवशी लिहिणाऱ्या हाताला फोडणीचा वास नव्हता. मला कुणी विचारलं नाही. रखवालदाराच्या वहीत मावशींच्या दोन सह्या आहेत: फाटकावर पोचल्या दहा पन्नासला, निघाल्या अकरा वीसला. चौकशी समितीनं ती वही अजून मागवलेली नाही.