दुसरी बरणी

“त्या कागदाखाली सही तुमचीच हाये ना, बाई?”

मीराच्या सिंदी मेघेतल्या घराच्या ओट्यावर टेकलेल्या म्हाताऱ्याने पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि गुडघ्यावर सरळ करून धरली. मीराने ती न वाचताच ओळखली. असे कितीतरी अहवाल बावीस वर्षांत तिच्या हाताखालून गेले होते.

“माझीच. पण केसबद्दल मले घरी बोलता येत नाही, काका.”

“केस झाली. संक्रांतीच्या आधीच बंद केली कोर्टानं. मी तानबा, आंजीचा. दिपाली माही पोरगी.”

मीरा समोर बसली. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती विश्लेषक होती, आणि गेल्या चार वर्षांपासून सहायक व्यवस्थापकही. रोज सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परतायचे. नमुन्यांना तिथे नंबर असतात, पण दिपालीचे नाव तिला आठवत होते. बारावीला नापास झालेली पोरगी निकालाच्या दुसऱ्या दिवशी वावरात मरून पडलेली सापडली होती. फवारणीच्या विषाला आपल्याकडे औषधच म्हणतात. पोरीने औषध घेतले, असे सारे गाव म्हणाले. मग शवविच्छेदन झाले, पोटातल्या अवयवांचे तुकडे मिठाच्या पाण्यात दोन बरण्यांत भरले गेले आणि लाखेचे सील लागून त्या बरण्या मीराच्या टेबलावर आल्या.

विष असले तर काम सोपे असते. काचपट्टीवर डाग उमटतो, लिहून मोकळे व्हायचे. ‘नाही’ लिहायचे तर फार वेळ लागतो. कुठे दडून तर बसले नाही ना, हे पुनःपुन्हा पाहावे लागते. मीराने पाहिले, आणि लिहिले, “विष आढळून आले नाही.” पुढे डॉक्टरांनी सांगितले की पोरीचे हृदय जन्मापासूनच अधू होते.

“हा कागद आला तं मी मास्तरकडून पारावर वाचून घेतला,” तानबा म्हणाला. “दोनदा वाचा लावला. कोनी काई बोललं नाई. सारे आपल्या घरी गेले.”

“चहा घेता?”

“घेईन. पन मी दुसऱ्या कामानं आलो. राख आमी पवनारले नदीत सोडली, तेरवी केली. पन सगळी नाई गेली ना पोरगी. थोडी तुमच्यापाशी राह्यली. तेवढी देऊन द्या.”



“ते कोणालेच देता येत नाही, काका. कायदाच आहे तसा.”

“मंग काय करता त्याचं? फेकता?”

“नाही, नाही. आवारात भट्टी आहे. तिच्यात जाळतो.”

“कोन राह्यते तिथं?”

“मी राहते. पूर्ण जळेपर्यंत.”

तानबाने चहा बशीत ओतला, फुंकला, पण प्यायला नाही. “मंग एवढं करा. दिवस सांगजा. त्या दिशी घरी दिवा लावीन, पाच मानसं जेऊ घालीन.”

असा दिवस मीराने आजवर कोणाला सांगितला नव्हता. नमुने जाळायच्या पुढच्या यादीचा दिवस मंगळवार होता, तो तिने सांगितला.

मंगळवारी ती भट्टीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग शनिवारी कपाटांची मोजणी निघाली आणि मदतनीस भूपेंद्र हातात बरणी घेऊन तिच्या टेबलाशी आला.

“मॅडम, एकशे बाराची अजून एक हाये हे. मागच्या कपाटात होती.”

एकशे बारा हा दिपालीचा नंबर. मीराने बरणीवरची चिठ्ठी वाचली. अक्षर तिचेच होते. पहिली तपासणी झाल्यावर तिच्या जिवाला चैन पडली नव्हती, म्हणून तिने दुसऱ्या बरणीतून पुन्हा सारे तपासले होते. फेरतपासणीची बरणी वेगळ्या कपाटात जाते. नाशाची यादी करताना ते तिच्याच ध्यानातून गेले होते.

“पुढच्या यादीत टाकून देऊ,” भूपेंद्र म्हणाला. “कोणाले समजते? कागद तं बरोबर होतेत.”

कागद बरोबर होतील हे तिलाही ठाऊक होते. त्या दिवशी तिचा डबा तसाच परत आला. रविवारी सकाळी ती आंजीच्या बसमध्ये बसली.

तानबाच्या बायकोने, धुरपताने, तिला बाजेवर बसवले आणि पाणी दिले.

“बरं झालं आल्या. मंगळवारी सात जन जेवले. पुरनाचं केलतं. तिले आवडे.”

मीराने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगून टाकले. काही लपवले नाही. दोन बरण्या होत्या, एकच गेली, चूक माझी.

धुरपता उंबऱ्यावर बसली. “मंग ते जेवन वाया गेलं का हो?”

“थांब जराशी,” तानबा म्हणाला. मग मीराकडे वळला. “दुसऱ्यांदा काऊन पाह्यलं तुमी?”

“एकदा पाहून ‘नाही’ लिहायचा धीर झाला नाही. पोरीचं नाव अवलंबून होतं त्याच्यावर. उद्या कोणी म्हणालं असतं, नीट पाह्यलंच नाही, तर?”



“तुमी दोनदा पाह्यलं,” तानबा म्हणाला. “गावानं एकदाबी नाई पाह्यलं.”

धुरपताने पदर डोळ्यांना लावला. मग उठली, आणि आतून गरम पोळी घेऊन आली. “खाऊन घ्या बाई. लांबून आल्या.”

“पुढची तारीख सांगजा,” निघताना तानबा म्हणाला. “या बारीले मी येतो.”

“फाटकाच्या आत नाही सोडत, काका.”

“फाटकाच्या आत कोन येऊन राह्यलं? रस्ता तं सगळ्याईचा हाये.”

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, भट्टी पेटली. मीराने सील तपासले, वहीत वेळ लिहिली आणि या वेळी भूपेंद्रला न देता बरणी स्वतः उचलली. धुराड्यातून धूर निघाला तेव्हा तिने फाटकाकडे पाहिले. पलीकडे रस्त्याच्या कडेला तानबा उभा होता. धुतलेले धोतर, डोक्यावर टोपी. त्याच्या पाठीशी, चार पावलांवर, कडुनिंबाची सावली होती. तो उन्हात होता आणि त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

“मॅडम, डांबर कसं तापलं हाये पाहा,” भूपेंद्र हळूच म्हणाला. “पाय भाजतीन बुढ्याचे. सावलीत उभं राहा म्हनून सांगू का जाऊन?”

“नको,” मीरा म्हणाली. “पोरीले पोचवायला आले ते.”

एक ट्रक धुरळा उडवत गेला. धुरळा बसला तेव्हाही तो तिथेच होता, हात जोडलेले नाहीत, डोळे मिटलेले नाहीत, फक्त वर पाहत. धूर विरळ होत होत नुसते ऊन उरले, तोवर त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवूनच ठेवले होते.