पडलेल्या वजनाचा दाखला

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही वजनांचे वजन करतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितले की तो हसतो. पण दुकानातले वजन खरे की खोटे हे ठरवायला त्याहून अचूक वजन लागते, आणि त्या वजनाची परीक्षा घ्यायला आणखी अचूक. ही साखळी जिथे संपते, तिथे आमची टेबले आहेत.

मुख्य तराजू आतल्या खोलीत काचेच्या पेटीत असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही त्याचा आकडा हलतो. म्हणून आत गरजेपुरतेच बोलायचे, आणि राष्ट्राध्यक्षांबद्दल तर एक अक्षर काढायचे नाही. हा दुसरा नियम सरकारी नव्हता. तो चिमटाबाईंनी घातला होता. भाऊसाहेब आणि मी त्या विषयावर आत भांडलो की आकडा ठिकाणावर यायला बराच वेळ लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मी एकदा ते तपासून पाहिले. बरोबर होते.

भाऊसाहेब आमचे प्रमुख. चिमटाबाई आमच्या तंत्रज्ञ. अचूक वजनाला बोट लावायचे नसते, बोटाचा घाम त्यावर बसतो. चिमट्याने उचलायचे असते. बाईंच्या हातातला चिमटा त्यांच्या हाताचाच भाग वाटावा इतका सरावलेला होता, म्हणून ते नाव. वर्षभर मात्र त्या कामावर नव्हत्या. भाऊसाहेबांनीच त्यांना निलंबित केले होते. त्यांच्या हातून दोनशे ग्रॅमचे एक वजन फरशीवर पडले होते, आणि त्यांनी ते पुसून, काही झालेच नाही असे परत पेटीत ठेवले होते. तीन आठवड्यांनी मला त्याच्या कडेवरचा पोचा दिसला. मधल्या काळात त्या वजनावर तपासलेले सगळे संच आम्हाला परत मागवून पुन्हा तपासावे लागले.

आणि ते वजन साधेसुधे नव्हते. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला जुन्या राष्ट्राध्यक्षांनी ते स्वतः भाऊसाहेबांच्या हातात दिले होते. तो फोटो भाऊसाहेबांच्या खुर्चीमागे आहे. फोटोत भाऊसाहेबांच्या डोक्यावर केस आहेत.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा रेडिओ चालू होता, आणि भाऊसाहेबांचा चेहरा खुलला होता.

"ऐकलंस का? माफी दिली."

"कोणाला?" मी विचारले, आणि विचारता विचारताच कळले.

नव्या राष्ट्राध्यक्षांनी जुन्यांना माफ केले होते. खटल्याचा निकाल लागायच्या आत. जुन्या राष्ट्राध्यक्षांनी निवडणुकीच्या तोंडावर नदीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे बदलायला लावले होते. पाणी वाईट होते, कागदावर चांगले झाले, लोक ते पीत राहिले आणि आजारी पडले. उघडकीला आल्यावर त्यांनी राजीनामा दिला, त्याला आता वर्ष उलटून गेले होते.

"वजन न करताच दाखला दिला म्हणा की," मी पर्स खुंटीला लावत म्हटले.

"हे बघ, सकाळी सकाळी सुरू करू नकोस."

"मी कुठे? रेडिओने केलं."

"अगं, माणूस खुर्चीवरून उतरला, तोंड लपवून घरात बसला. आणखी काय शिक्षा हवी? आणि ज्याने या देशाला खरं वजन दिलं, त्याचं काहीच मोजायचं नाही? त्यांचा वजनमापांचा कायदा यायच्या आधी बाजारात काय होतं ठाऊक आहे का तुला? ज्याचा त्याचा दगड! घेताना एक दगड, विकताना दुसरा."

"त्यांनीच पाण्याच्या बाबतीत पुन्हा तो दगड काढला, भाऊसाहेब. मला माफीचं वावडं नाही. पण आधी निकाल, मग माफी. निकालच नाही तर माफ नेमकं काय केलं? झाकली मूठ!"

टेबलावरचा मुख्य कार्यालयाचा निरोप त्यांनी उचलला, वाचला आणि परत ठेवला. चिमटाबाईंचे निलंबन त्या आठवड्यात संपत होते. त्यांना परत घ्यायचे की काढून टाकायचे, हे भाऊसाहेबांना त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते.

"काय ठरवलंत?" मी विचारले.

"नाही घ्यायचं."

"का?"

"वजन कोणाच्याही हातून पडतं. लपवलं, त्याचं काय? इथे विश्वासावर काम चालतं. तो एकदा गेला की गेला."

मला हसू आले. खरे तर रागही आला होता, पण आधी हसू आले.

"म्हणजे पाणी लपवणाऱ्याला माफी, आणि पोचा लपवणारीला घरचा रस्ता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

"आणि तुझं काय?" ते खुर्चीतून पुढे झाले. "त्यांच्या वेळी तुला आधी निकाल हवा, साक्षी हव्यात, पुरावे हवेत. आणि बाई तुझ्या मैत्रीण, म्हणून काही न विचारता आत घ्या! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तुझा बाब्या वेगळा, माझा वेगळा, एवढंच."

ते बरोबर बोलत होते. मी म्हटले तेही बरोबर होते. दोन्ही पारडी सारखी झाली.

शास्त्र शिकलेल्या माणसाला वाद हरल्यावर एक सोय असते. आपण मोजायचे काय विसरलो, हे तो शोधू शकतो. मी ते शोधू लागले, आणि ते समोरच्या कपाटातच होते.

"भाऊसाहेब, त्या वजनाचं काय झालं? पडलेल्या?"

"कपाटात आहे."

"ते माहीत आहे. त्याचं वजन किती घटलं?"

आम्ही दुसऱ्यांचे सगळे संच परत मागवले होते, जादा ठेवलेल्या वजनावर ते पुन्हा तपासले होते, सगळे चालण्याजोगे निघाले होते. पण ते एक वजन भाऊसाहेबांनी पोचा पाहिल्याबरोबर पेटीत घालून कुलपात टाकले होते. मी मागितले नव्हते, त्यांनी काढले नव्हते. वजने मोजणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्याच घरी हा प्रकार!

"आणि बाईंनी का लपवलं, ते विचारलंत?"

"तू विचारलंस?"

मीही विचारले नव्हते. मला वाटायचे, विचारणे म्हणजे संशय घेणे. वर्षभर मी त्यांच्या घरी जात होते, त्यांच्या मुलीच्या परीक्षेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळे बोलत होते, आणि एवढेच तेवढे टाळत होते.

"मी त्यांना घेऊन येते," मी म्हटले.

चिमटाबाईंचे घर दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, खिडकीशी कापडांचे गठ्ठे. बाई खिडकीत बसून एका कोटाची उसवलेली शिवण साफ करत होत्या, एकेक दोरा चिमट्याने उपसून.

"या ताई. आज भरदिवसा?"

"राष्ट्राध्यक्षांना माफी मिळाली म्हणून हिलाही मिळाली की काय?" नवऱ्याने यंत्र न थांबवता विचारले. "घेऊन जा हो. वर्षभर माझ्या शिवणीतल्या चुका काढतेय. टाका तसूभर इकडचा तिकडे झाला की बोलते. गिऱ्हाईक बोलत नाही एवढं."

"माफी नाही," मी म्हटले. "भाऊसाहेबांना विचारायचं आहे. मलाही. त्या दिवशी काय झालं?"

बाईंनी चिमटा खाली ठेवला. यंत्र आपोआप थांबले.

"चला, तिथेच सांगते," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगायचं तर दोघांसमोर सांगू दे."

प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी सवयीने आधी हात धुतले. भाऊसाहेबांनी खुर्ची दाखवली, पण त्या बसल्या नाहीत.

"राजीनाम्याची बातमी आली तो दिवस," त्या म्हणाल्या. "बाहेर तुम्ही दोघं भांडत होता. मी आत होते, ते वजन चिमट्यात होतं. भाऊसाहेब, तुम्ही दार आपटलंत."

भाऊसाहेबांचा हात टेबलावरून हळूच खाली गेला.

"दचकले आणि सुटलं. पण दाराचं नाव मी घेणार नाही. चिमटा माझ्या हातात होता. आणि लपवलं ते दाराने नाही, मी लपवलं."

"पण का?" भाऊसाहेबांनी विचारले. एका वर्षात पहिल्यांदाच. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवशी सांगणारच होते. पण तुम्ही ताईंशी बोलत नव्हता, ताई तुमच्याशी बोलत नव्हत्या. एकमेकांचे निरोप माझ्याकडून देत होता. 'त्यांना सांगा खिडकी लावा.' 'त्यांना सांगा, उकडतंय.' मी सांगायचं कोणाला? तुम्हाला सांगितलं असतं तर ताईंनी मुद्दाम माझी बाजू घेतली असती, ताईंना सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावर उखडला असता. म्हटलं, यांचं मिटू दे, मग सांगू. तुमचं मिटता मिटेना. मग जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. चूक झाली. आधी बोलायला हवं होतं. एवढंच."

तो अबोला मला चांगला आठवत होता. आम्हाला वाटत होते, तो फक्त आमच्या दोघांमधला आहे.

भाऊसाहेब उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडले आणि मखमल लावलेली लहान पेटी बाहेर काढली. झाकण उघडून ते बराच वेळ आत बघत राहिले. मग मागच्या फोटोकडे त्यांनी एकदा पाहिले.

"हे मी मोजलं नाही," ते म्हणाले, "कारण किती गेलंय ते मला कळायला नको होतं." मग पेटी पुढे केली. "घ्या. उचलायचं तुम्हीच."

आम्ही तिघे आत गेलो. बाईंनी वजन पुसले, पेटीतल्या हवेशी त्याला जुळवून घेऊ दिले. आम्ही भिंतीशी बसून वाट पाहिली. मग पद्धतीप्रमाणे आधी तुलनेसाठीचे मूळ वजन, मग हे पडलेले, पुन्हा हे, पुन्हा मूळ. बाईंचा चिमटा वर्षभर कोटांचे दोरे उपसत होता असे कोणी म्हटले नसते. मी आकडे लिहीत होते.

घट निघाली. एका तिळाचे वीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. भाजीवाल्याला तिचे सोयरसुतक नाही, सोनारालाही नाही. पण आमच्या पहिल्या दर्जाच्या वजनाला जेवढा फरक चालतो, त्याहून ती जराशी जास्त होती. म्हणजे चूक होती. भाऊसाहेबांनी वर्षभर मनात धरली होती तेवढी मोठी नव्हती, आणि मी धरली होती तेवढी लहानही नव्हती.

"पहिल्या दर्जातून गेलं," भाऊसाहेब हळू म्हणाले.

"दुसऱ्या दर्जात उत्तम चालेल," मी म्हटले. "घट लिहून ठेवायची आणि वापरायचं. पोचा पडला म्हणून वजन खोटं होत नाही, भाऊसाहेब. दाखला जुनाच ठेवला तर खोटं होतं. हे तुम्हीच मला शिकवलंत."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते त्या लहानशा चकचकीत वस्तूकडे बघत होते. खिडकीच्या उजेडात तिच्या कडेचा पोचा दिसत होता.

"नवा दाखला लिही," ते मला म्हणाले. "जे आहे ते. पडलं, पोचा आला, इतकं घटलं. आणि मुख्य कार्यालयाला मी कळवतो, बाई सोमवारपासून येतील. त्यातही जे आहे ते लिहीन. दारासकट."

"दार नको," बाई म्हणाल्या.

"दार माझं आहे. ते तुम्ही गाळायचं नाही."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

भाऊसाहेब दाराशी थांबले. "एक सांगू का? त्यांचंही असंच व्हायला हवं होतं. एकदा काट्यावर ठेवायला हवं होतं. जे निघालं असतं ते निघालं असतं. मी काही फोटो उतरवला नसता. पण खाली एक ओळ लिहिली असती."

मला हे अपेक्षित नव्हते. माणूस अर्धी वाट चालून आला की आपणही चार पावले टाकावीत.

"आणि नंतर माफ केलं असतं, तर मी काही म्हटलं नसतं," मी म्हणाले.

"म्हटलं असतंस."

"नसतं."

"अगं, वीस वर्षं ओळखतो मी तुला. तू म्हटली असतीस, माफी दिली ती ठीक, पण मंगळवारी का दिली!"

"कारण उद्याच निवडणुकीची तारीख जाहीर होणार आहे! नव्या राष्ट्राध्यक्षांना जुन्यांची मतं हवी आहेत, हे तुम्हाला दिसत नाही का?"

"बघा! बघा कशी!"

"दोघंही बाहेर जा," चिमटाबाई तराजूवरची नजर न हलवता म्हणाल्या. "आकडा हलतोय."

आम्ही बाहेर आलो. भाऊसाहेबांनी मागे वळून दार दोन्ही हातांनी धरले आणि हलकेच लावले.