खंडेनवमीचा फ्रीज

शहाण्णव सालची गोष्ट. सांगलीच्या एका कॉलेजात विद्यापीठमान्य जीवरसायन विभाग होता आणि त्या अख्ख्या विभागात धड चालणारा फ्रीज एकच. त्यात भार्गवीचे स्फटिक वाढत होते. शेवग्याच्या बियांतलं एक प्रथिन गढूळ पाणी निवळतं. ते कसल्या घडणीमुळं, हे शोधायला रहिमतपूरच्या या पोरीनं दोन वर्षं बिया कुटल्या होत्या. आता कुठं खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे स्फटिक धरले होते. दसरा झाला की ते बंगळूरला न्यायचे, क्ष-किरणांखाली त्यांची घडण पाहायची, की पीएचडी हातात. भारनियमनात तिनं कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून ते जपले होते. वीज मंडळाला ती पुरून उरली होती.

राहिले मधुकर सर. ते विभागप्रमुख. उष्णतेनं प्रथिनाची घडी कशी विसकटते, यावरच त्यांना डॉक्टरेट मिळालेली. खंडेनवमीला त्यांनी सगळी यंत्रं पुसून घेतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि स्वतःच्या हातानं एकेक बटण बंद केलं. फ्रीजचंसुद्धा.

"सर, फ्रीज पूजेपुरताच बंद ना?" भार्गवीनं विचारलं.

"यंत्रालाही एक दिवस विश्रांती हवी. उद्या दसऱ्याला सुरू करू."

सर पेढे वाटायला पुढच्या खोलीत गेले. भार्गवीनं बटणाकडं हात नेला.

"आवं ताई, पूजल्यालं हाय ते," शिपाई गुंडा म्हणाला. "आज हात लावू नगा. सर लय रागावत्यात."

प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. तिनं हात मागं घेतला. स्वतःचाच राग आला, तरी पेढा खाल्ला.

ऑक्टोबरच्या उकाड्यानं आपलं काम चोख केलं. दसऱ्याच्या सकाळी स्फटिक ठेवलेल्या काचेच्या खळग्यांत नुसतं पाणी होतं. भार्गवी स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली.

सरांनी मात्र चष्मा लावून ते पाणी न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, रडतेस काय? तापमान वाढलं, स्फटिक विरघळले. घरबसल्या पेपर झाला आपला."

"मग फ्रीज कुणी बंद केला, तेही लिहायचं का सर?"

"छे. विज्ञानात कुणी केलं ते लिहीत नाहीत, काय झालं ते लिहितात," सर म्हणाले. "आणि पहिलं नाव माझं घाल."