पुलावर बोलू

कंडक्टरनं घंटीची दोरी तीनदा ओढली, बस पुलाच्या तोंडाशी थांबली आणि माणसं उठून उतरायला लागली. मिस्त्री मात्र ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसूनच राहिले.

"काका, पूल आला," कंडक्टर म्हणाला.

"आज बसतो मी. गुडघा धरलाय."

कंडक्टरनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. 'बसा काका, वय झालं तुमचं' असं तो वर्षभर त्यांना सांगत आला होता, आणि 'माझं झालंय, पायांचं नाही' म्हणून मिस्त्री दर वेळी त्याला उडवून लावत होते. आणि आज शेवटच्या दिवशीच नेमका गुडघा? उद्यापासून शेजारचा नवा पूल सुरू व्हायचा होता. बसमध्ये सकाळपासून तोच विषय होता. उद्यापासून आपल्या चपला दोन महिने जास्त टिकणार, असं एक बाई उतरता उतरता म्हणाली आणि सगळे हसले. कंडक्टर त्यांच्यामागून उतरला.

सव्वीस वर्षांपूर्वी कुणी साहेब लोक येऊन, पुलाखाली वाकून बघून गेले होते. भरलेली बस या पुलाला झेपायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तेव्हापासून बसनं अलीकडे थांबायचं, प्रवाशांनी चालत पलीकडे जायचं, सगळे पोचले की रिकाम्या बसनं मागून सावकाश यायचं आणि मग पुन्हा सगळ्यांनी चढायचं. आजारी माणसं, पोटुशी बायका आणि अगदीच थकलेले म्हातारे तेवढे बसून राहिले तर चालत असे. पुलाशी पाटी लागली, 'तात्पुरती व्यवस्था'. ती गंजून पडली तेव्हा दुसरी लागली, मग तिसरी. 'तात्पुरती' हा शब्द तिन्ही पाट्यांवर होता.

उन्हातान्हात सामान उचलून चालताना माणसं सरकारच्या नावानं बोटं मोडायची. कुरकुर करत नसत ते फक्त मिस्त्री आणि त्यांची बायको.

त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. त्यात आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं. मधली भिंत म्हणजे मिस्त्रींनीच ठोकलेल्या फळ्या. इकडे कुजबुजलं की तिकडे कुणीतरी खाकरायचं. रविवारी मात्र दोघं तिच्या माहेरी, नदीपलीकडे जायची. पूल साडेचारशे पावलांचा. बाकीचे झपाझप पुढे निघून जायचे आणि ही दोघं मागे रेंगाळायची. घरात मिस्त्री म्हणजे घुम्या माणूस. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचे, तेही अर्धं. पुलावर पाय पडला की मात्र त्यांचं तोंड सुटायचं. आठवडाभराचं साठलेलं सगळं बाहेर यायचं, अगदी कुठल्या गिऱ्हाइकाचं दार चौकटीत अडकतंय ते सुद्धा. ती कठड्याच्या बाजूनं चालायची, ते तिच्या उजव्या हाताला.

मग तिला सवयच लागली. घरात काही अडलं की भांडी घासता घासता ती हळूच म्हणायची, "पुलावर बोलू." पुढे लेकीनंही ते उचललं. परीक्षेत मार्क कमी पडले की बाप तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "बाबा, ते तुम्ही आईशी पुलावर बोला."

वेगळं बिऱ्हाड करायचं पुलावर ठरलं. दुसऱ्याच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं, तेही. लेकीला नर्सिंग शिकायला लांब पाठवायला मिस्त्रींचा जीव तयार होत नव्हता, ते प्रकरण चार रविवार चाललं. एकदा तर, भावाशी धरलेला अबोला सोडा म्हणून ती पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून उभीच राहिली. मागे बस खोळंबली, पुढे माणसं खोळंबली. शेवटी तेव्हाचा कंडक्टर पलीकडून ओरडला, "मिस्त्री, काय असेल ते कबूल करून टाका, गाडीला उशीर होतोय." मिस्त्रींनी कबूल केलं. संध्याकाळी परत आल्यावर भावाच्या दारात जाऊन उभे राहिले.

गेल्या वर्षी तिला नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि मिस्त्रींनी ते तिला सांगितलं नव्हतं. पिशवी भरताना ती म्हणाली, "पुलावर बोलू. मला तुम्हाला एक सांगायचंय."

पूल आला तेव्हा कंडक्टर चांगल्या मनानं म्हणाला, "काकू, तुम्ही बसून राहा." तिच्यानं तशीही साडेचारशे पावलं झाली नसती. सवलत आजाऱ्यापुरती होती. मिस्त्री उतरले आणि चालत गेले. घरी पोचले तर दारात नातेवाईक जमलेले. नंतर ती एकटी अशी सापडलीच नाही. नवव्या दिवशी ती गेली.

काय सांगायचं होतं तिला? मिस्त्रींनी लेकीला विचारलं, भावजयीला विचारलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, पुलावर त्या वेळी बसमध्ये ती होती आणि ड्रायव्हर होता. आठवड्यातून दोनदा नदीपलीकडे लेकीच्या घरी जाताना मिस्त्रींना याच ड्रायव्हरची पाठ दिसायची आणि वर लिहिलेलं दिसायचं, 'चालकाशी बोलू नये'. बोलायचं तरी कसं? माझ्या बायकोनं मला सांगायचं राहिलेलं तुम्हाला सांगितलं का, असं चारचौघांत विचारता येत नाही. बस रिकामी मिळायची ती फक्त पुलावर, आणि त्यासाठी चालणं सोडावं लागणार होतं. ते त्यांच्यानं सुटत नव्हतं. उद्यापासून चालणंही राहणार नव्हतं आणि रिकामी बसही.

माणसं पुलावर निम्म्यावर गेली होती. ड्रायव्हरनं आपल्या बाजूचं दार उघडून ठेवलं. पुलावर तो नेहमीच ते उघडं ठेवायचा.

"उडी मारायला सोपं," तो काचेतून समोर बघत म्हणाला. "आज तुमचीही जबाबदारी आहे म्हणा. तुम्ही मागच्या दारानं मारा."

मिस्त्री हसले नाहीत. हातातली पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "गेल्या वर्षी माझी बायको इथं बसली होती. दवाखान्यातून येताना."

"आठवतंय की. काकूंनी डोक्याला रुमाल बांधला होता."

"काही बोलली का ती?"

पलीकडून कंडक्टरनं हात वर केला. बस पहिल्या गिअरवर पुलावर चढली आणि खालचं लोखंड कण्हायला लागलं. पुलाचा पहिला सांधा ओलांडल्यावरच ड्रायव्हर बोलला.

"माझ्याशी तसं विशेष काही नाही बोलल्या. त्या दिवशी सगळी माणसं पार झाली आणि तुम्ही मात्र मध्येच. मी हॉर्नला हात घातला, तर काकू म्हणाल्या, राहू द्या, त्यांचं बोलणं चाललंय."

"कुणाशी?"

"तेच तर. कुणीच नव्हतं. तुम्ही एकटेच. कठड्याकडे मान वळवून हातवारे करत चालला होतात. मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला."

मिस्त्रींनी पुढच्या दांडीला धरलं. त्या दिवशी आपण पूलभर तोंड मिटून चाललो, अशी त्यांची पक्की समजूत होती. डोक्यात डॉक्टरांचं बोलणं होतं, शब्दन् शब्द. ते कुणापुढे बोललो नाही, निदान तेवढं तरी आपल्याला जमलं, असं ते वर्षभर मानत आले होते.

"तिला ऐकू जात होतं?"

"एवढ्या लांबून? मला तर फक्त तुमचे हात दिसत होते." ड्रायव्हरनं दुसरा सांधा ओलांडला. "पण काकू मागून 'हं' म्हणत होत्या. जरा थांबायच्या, पुन्हा 'हं'. एकदा म्हणाल्या, 'अहो, ते बघू नंतर.' मी वळून पाहिलं, तर माझ्याकडे लक्षच नव्हतं त्यांचं."

"आणि शेवटी?"

"तुम्ही पलीकडे पोचलात. तेव्हा मला म्हणाल्या, झालं त्यांचं, चला आता."

बस पुलावरून उतरली आणि थांबली. दारात माणसांची झुंबड उडाली. मिस्त्री पिशवी घेऊन उठले आणि चढणाऱ्यांमधून वाट काढत खाली उतरले.

"काका, कुठे? गुडघा दुखतोय ना?" कंडक्टरनं विचारलं.

"राहिला."

"पुढची गाडी तासाभरानं आहे."

"येऊ दे."

कंडक्टरनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं नुसती मान हलवली. दोनदा घंटी वाजली आणि बस गेली.

धूळ खाली बसेपर्यंत मिस्त्री थांबले. मग पिशवी उजव्या हातात घेऊन, कठड्याची बाजू सोडून, ते आल्या वाटेनं पुलावर चढले. आजवर या पुलावर जितक्या वेळा आलो तितक्या वेळा जास्त आपणच बोललो, असं त्यांच्या ध्यानात आलं. चार पावलं झाल्यावर ते म्हणाले, "बरं, माझं झालं. आता तू सांग."

पुढे अख्खा पूल ते गप्प होते. मध्ये दोनदा 'हं' म्हणाले, तेवढंच.