मंगळीची गोळी

औषधशास्त्राची सहा वर्षांची पदवी हातात आली, तेव्हा वैभवीला नावाआधी डॉक्टर लावायची मुभा मिळाली. तिने ती फारशी वापरली नाही. बोयसरजवळच्या सरावलीत, तिच्या घराकडे, डॉक्टर म्हटलं की शेजारपाजारचे बीपी बघायला हात पुढे करायचे, आणि औषधांची डॉक्टर म्हटलं की दुकान कुठे टाकलंस असं विचारायचे. तिचे वडील शिवाजीराव तरुणपणी विट्याहून तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर आले होते. त्यांनी यावर स्वतःचं उत्तर तयार ठेवलं होतं. "पोरगी डॉक्टर हाय, पण माणसांची न्हाई, गोळ्यांची." हे लोकांना पटायचं.

पालघरच्या एका मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला वर्षभराची रेसिडेन्सी मिळाली, विशेष औषध विभागात. विशेष म्हणजे अशी औषधं, जी नुसती हातावर ठेवून भागत नाही. कॅन्सरच्या गोळ्या, किडनी बसवलेल्यांची औषधं, फ्रिजमधली इंजेक्शनं, सिकल सेलच्या कॅप्सूल. आधी रक्ताचे रिपोर्ट बघायचे, मग पेशंटशी बोलायचं, मग औषध द्यायचं, आणि घरी गेल्यावर तो ते खरंच घेतो का याच्या मागावर राहायचं. विभागाला तळमजल्यावर एक खिडकी होती. आधारची झेरॉक्स इथंच निघते का, असं विचारणारे दिवसभर येत. वैभवी त्यांना जिन्यापलीकडची खिडकी दाखवायची. पहिल्या महिन्यात तिने सर्वांत जास्त मार्गदर्शन केलं ते याच विषयावर.

तिला शिकवायला उत्कर्षा मॅडम होत्या. आवाज चढलेला त्यांचा कुणी ऐकला नव्हता आणि हसूही कुणी बघितलं नव्हतं. वैभवी पेशंटशी बोलायची तेव्हा त्या मागे खुर्ची टाकून बसायच्या आणि पेशंट गेल्यावर एखादंच वाक्य बोलायच्या. "छान बोललात. त्यांना ऐकू कमी येतं." असं.

पावसाळा सरत असताना मासवणकडची जिवली खिडकीवर आली. पंचविशीची बाई, सिकल सेलची पेशंट. या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हातपाय, पाठ असं काही दुखतं की माणूस जमिनीवर लोळतो. जिवली पूर्वी दर दीड-दोन महिन्यांनी भरती व्हायची. दोन वर्षांपूर्वी तिला रोज दोन कॅप्सूल सुरू केल्या आणि ते जवळजवळ थांबलं. आता मात्र ती तीन महिन्यांत दुसऱ्यांदा भरती होऊन नुकतीच सुटली होती. सोबत नवरा अंकुश होता, छत्री आणि घरी न्यायच्या सामानाची पिशवी घेऊन.

वैभवीने रिपोर्ट पाहिले. हे औषध नीट घेतलं की लाल पेशींचा आकार वाढतो. जिवलीच्या पेशी दीड वर्ष चांगल्या मोठ्या होत्या. गेल्या काही महिन्यांत त्या हळूहळू लहान होत आल्या होत्या. औषध मात्र ती दर महिन्याला न चुकता घेऊन जात होती.

"जिवलीताई, गोळ्या घेता ना?"

"हां, घेते."

"रोज?"

"रोज."

"दोन?"

"दोन."

वार्डातल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं आणि हेच लिहून घेतलं होतं. वैभवीने मागे पाहिलं.

उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "घेता का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. कशा घेता ते विचारा. करून दाखवायला सांगा."

वैभवीने रिकामं पाकीट पुढे केलं. "घरी कशा घेता तसं दाखवा बरं."

जिवलीला यात काही अवघड वाटलं नाही. तिने पाकिटातून एक गोळी काढल्यासारखं केलं, तोंडात टाकली, वरून तांब्याने पाणी प्याली. मग दुसरी काढली, कागदाच्या तुकड्यात नीट गुंडाळली आणि अंकुशच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"ही?" वैभवीने विचारलं.

"ही मंगळीची."

"मंगळी कोण?"

"माजी बहीन. बोयसरला कंपनीत हाय. तिचं पन पाय दुकतात, माज्यासारखं. हे जातात बाजाराला, तवा देतात नेऊन."

अंकुशने मान डोलावली. तो दर आठवड्याला भाजी घेऊन बोयसरला जायचा आणि भाजीबरोबर मेहुणीच्या हिश्शाच्या गोळ्याही तिच्या सरावलीच्या चाळीत पोचवायचा. आठ महिन्यांत कधी चुकवल्या नव्हत्या. हे सांगताना त्याला थोडा अभिमान वाटत असावा.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कुनी इचारलाच नाय," जिवली म्हणाली. "दोन घेते का इचारतात. मी घेतेच ना दोन."

वैभवीला रागवायचं होतं, पण कशावर ते सुचेना. तिने मंगळीची तपासणी झाली आहे का विचारलं. झाली नव्हती. एका बहिणीला आहे म्हणजे दुसरीलाही असणार, यात तपासायचं काय, असं घरी सगळ्यांचं मत होतं. शिवाय आठवड्याची सुट्टी सोडली तर मंगळीला कंपनीतून रजा मिळत नव्हती.

"मंगळीला माहीत आहे, तुम्ही तुमच्यातली देता ते?"

जिवलीने छतावरच्या पंख्याकडे पाहिलं. "तिला काय करायचंय ते. दुकतं तर दुकतं ना बिचारीचं."

ती गेल्यावर उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे एका पेशंटच्या औषधावर दोन पेशंट आहेत. दुसरीची नोंदणी नाही. ती कुठे राहते?"

"सरावलीत. आमच्या घरापासून जवळच."

"मग ते सोयीचं आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मंगळीच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असायची. म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर वैभवीने वडिलांना सोबत घेतलं. शिवाजीराव पहिली पाळी करून आले होते. कुठे आणि कशाला हे त्यांनी विचारलं नाही, फक्त शर्ट बदलला.

चाळीतल्या एका खोलीत पॅकिंगच्या कामावरच्या पाच बायका राहत होत्या. दार उघडंच होतं. वैभवीच्या गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र बघून आतून एकजण म्हणाली, "पोलिओ हाय का? इथं पोरं नाय."

"मंगळी कोण?"

सगळ्यांनी एकीकडे पाहिलं. मंगळी बारीक अंगाची होती, विशीची असेल. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. आजाराचं चारचौघांत बोलायचं नसतं हे वैभवीला शिकवलेलं होतं, म्हणून ती तिला बाहेर नळापाशी घेऊन गेली. शिवाजीराव दारातच राहिले. बायकांनी त्यांना पाट दिला आणि तुमच्या कंपनीत बायकांची भरती आहे का असं विचारायला सुरुवात केली.

"तुमच्या बहिणीकडून गोळी येते. ती तुम्ही घेता?"

"रोज घेते." मंगळी घाबरली नव्हती. "चांगली हाय गोळी. पाय कमी दुकतात. नुसतं तोंड येतं. तिकट नाय खावत."

या औषधाने शरीरातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून तर दर महिन्याला रक्त तपासतात. मंगळीचं रक्त आठ महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. तोंड येणं ही त्याची खूण असू शकत होती.

"ताप येतो?"

"मदी आला होता. गेला."

"मंगळी, ही गोळी आजपासून बंद करायची. उद्या हॉस्पिटलला या, रक्त तपासू. आजार निघाला तर तुमची तुम्हाला वेगळी मिळेल."

"नाय," मंगळी म्हणाली. "बंद करू आन पाय दुकले तर? उबं राहायचं असतं दिवसभर. बसलं तर सुपरवायजर ओरडतो."

वैभवीने औषधाचे दुष्परिणाम सांगितले. सोप्या भाषेत, एकेक करून, शिकवलं होतं तसे. मंगळीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा नाय म्हणाली. मग वैभवीने पांढऱ्या पेशींचं काम समजावलं. त्यावर मंगळीने बादली भरायला लावली.

शेवटी वैभवी म्हणाली, "जिवलीताई दोनदा भरती झाल्या."

"माहीत हाय. गेली होती मी बगायला."

"त्यांना रोज दोन गोळ्या लागतात. त्या एकच घेतायत. दुसरी तुमच्याकडे येते."

बादली भरून वाहू लागली. मंगळीने नळ बंद केला नाही.

"मला वाटला, माजी पन तिकडूनच येते," ती म्हणाली. "दोगींच्या येगळ्या. ती बोलली, हास्पिटलवाले देतात तुज्यासाटी."

"नाही देत. आम्हाला तुमचं नावही माहीत नव्हतं."

नळ वैभवीनेच बंद केला. मग मंगळी खोलीत गेली, पत्र्याच्या पेटीतून कागदाच्या पुड्या काढून आणल्या आणि वैभवीच्या ओंजळीत ओतल्या. एक पुडी खाली पडली, ती तिने उचलून परत दिली.

"तिला दे. आत्ताच्या आत्ता नेऊन दे."

एकदा पाकिटातून काढलेलं औषध परत घ्यायचं नाही, ते दुसऱ्याला द्यायचं तर मुळीच नाही, असा विभागाचा नियम होता. वैभवी ओंजळ धरून उभी राहिली. शिवाजीरावांनी पाटावरून उठून खिशातला रुमाल पसरला. "घाल यात. नियम हापिसात जाऊन बघ." त्या कॅप्सूल दुसऱ्या दिवशी रीतसर नष्ट करण्यात आल्या. जिवलीला तिच्या नव्या मिळाल्या.

शुक्रवारी मंगळी आली. पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली आल्या होत्या, पण धोक्याच्या रेषेच्या अलीकडे होत्या. गोळी बंद झाली की वर येतील, असं डॉक्टर म्हणाले. सिकलच्या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी आला. तो घ्यायला दोघी बहिणी आल्या होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकाच बाकावर बसल्या होत्या.

वैभवीने रिपोर्ट दोनदा वाचला. मंगळी फक्त वाहक होती. म्हणजे दोष रक्तात होता, पण आजार नव्हता.

"म्हंजे मला नाय?"

"आजार नाही. गोळीची गरजच नव्हती."

मंगळीचा चेहरा पडला. आठ महिने तिला जे होतं असं वाटत होतं ते हातातून गेलं होतं.

"मंग माजे पाय कशानं दुकतात?"

जिवलीला हसू फुटलं. मंगळीने तिच्या दंडावर एक चापट मारली. "माजं नाय तर मला कशाला खिलवलीस गं?" आणि मग दोघी बोलायला लागल्या, म्हणजे भांडायला लागल्या. झेरॉक्ससाठी आलेला एक माणूस ते संपेपर्यंत थांबला.

वैभवीने मंगळीला हाडांच्या ओपीडीत नेलं. तिथे शैलेश नावाचा रेसिडेंट डॉक्टर होता. सकाळपासूनच्या गर्दीने त्याचे डोळे तांबारले होते. त्याने गुडघे वाकवून पाहिले, घोटे दाबले, आणि पावलांवर येऊन थांबला. टाचा सोलवटलेल्या, अंगठ्यांची नखं काळी.

"पायात काय घालता कामावर?"

"गमबूट. खाली पानी असतं."

"मापाचे आहेत?"

"मापाचे कुटं? ठेकेदार एकच माप आनतो. आट नंबर."

"तुमचा नंबर?"

मंगळीने कधी नंबरचं काही घातलं नव्हतं. शैलेशने आपली पट्टी लावली. चार भरला. आठ नंबरच्या बुटात चार नंबरचं पाऊल घालून ती रोज पाळीभर ओल्या फरशीवर उभी राहत होती आणि बूट निसटू नये म्हणून बोटं आवळून चालत होती. शैलेशने कागदावर औषध म्हणून लिहिलं, "गमबूट, माप चार." खाली सही केली. शिक्काही मारला.

हे औषध हॉस्पिटलात मिळत नव्हतं. बोयसरच्या सेफ्टी बुटांच्या दुकानात वैभवीने चौकशी केली. सहाच्या खाली काही नाही, म्हणाले. शेवटी लहान मुलांच्या दुकानात एक जोड मिळाला. पिवळा, त्यावर बदकं. मंगळी तो घालून कामावर गेली. सुपरवायजरने बुटाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं, आणि कंपनीत बदकं चालणार नाहीत असं सांगितलं. तिने पॅकिंगची काळी चिकटपट्टी सगळीकडून गुंडाळली. मग चालली.

महिन्याभरात मंगळीच्या पेशी वर आल्या. पाय अजून दुखायचे, पण दुपारनंतर. जिवलीच्या पेशींना मोठं व्हायला जास्त वेळ लागला. मध्ये ती आणखी एकदा भरती झाली. तेव्हा वैभवी वार्डात जाऊन तिच्याजवळ बसली. सांगायचं असं काही नव्हतं. जिवली म्हणाली, "तू कशाला आलीस, गोळी तर सिस्टरनी दिली," आणि मग तिला हात धरून ठेवू दिला.

विभागाच्या बैठकीत वैभवीने ही केस मांडली. एका वरिष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, तुमचा हस्तक्षेप नेमका कोणता? ती म्हणाली, "सर, मी आणि बाबा जाऊन आलो." सभागृहात कुणी हसलं नाही. उत्कर्षा मॅडमनी शेरा लिहिला, "समाधानकारक." त्यांच्याकडून एवढं कुणालाच मिळालं नव्हतं, असं नंतर कळलं.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मंगळी पुन्हा आली. या वेळी खोलीतल्या बाकीच्या चौघींना घेऊन. "यांचं पन तपास," ती म्हणाली. "समद्यांचं काय ना काय दुकतं." वैभवीने सगळ्यांची रक्तं घ्यायला लावली. एकीची पाठ, एकीची मान, एकीचं डोकं. चौथी दीपाली होती, जव्हारकडची. तिचं काहीच दुखत नव्हतं. नंतर वडापाव खायचा ठरला होता म्हणून ती आली होती.

आजार निघाला तो तिला.

वैभवीने तिला एकटीला आत बोलावलं. दीपालीच्या डोळ्यांत फिकट पिवळेपणा होता. विचारलं तर म्हणाली, लहानपणापासून असेच आहेत, आईचेही तसेच होते. आई कशाने गेली ते तिला माहीत नव्हतं. वैभवीने रिपोर्ट समजावला. दीपालीने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मी मरनार हाय का?"

"नाही. गोळी आहे त्यावर. दर महिन्याला रक्त तपासायचं."

"मंगळीची गोळी?"

"तीच. पण ही तुझी."

दीपालीने ते मनात धरलं. बाहेर मंगळी दाराच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न करत होती आणि बाकीच्या तिला मागे ओढत होत्या.

"तिला आत घेऊ?" वैभवीने विचारलं.

"घे," दीपाली म्हणाली. "तिला गोळीचं समदं म्हाईत हाय."

वैभवीने आणखी एक खुर्ची ओढली.