तीन पायऱ्यांचा उतार

ऑफिसात पाठीमागे त्यांना सगळे त्रुटीसाहेब म्हणत. अर्ज कितीही नीट लिहा, त्यांना त्यात त्रुटी सापडायचीच. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच पद्धत पाडली होती: एक कागद जरी कमी असला, तरी फाइल परत पहिल्या टेबलावर यायची. पोटच्या पोरासारखा अभिमान होता त्यांना त्या पद्धतीचा.

मग बायकोचे पाय गेले. क्वार्टरच्या दाराशी तीन पायऱ्या आणि पलीकडे तिनंच लावलेलं झाड. तिची चाकांची खुर्ची उंबऱ्याशीच अडायची. शेजाऱ्यांनी एकदा उचलून नेलं, तर ती म्हणाली, "अहो, पोत्यासारखं नका नेऊ मला. मी आतच बरी."

ऑफिसचा सुतार येऊन बघून गेला. "साहेब, फळ्यांचा उतार करून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"मंजुरीशिवाय? इमारत ऑफिसची आहे, माझ्या बापाची नाही," असं म्हणून त्रुटीसाहेबांनी रीतसर अर्ज केला. जन्मभर लोकांना नियम शिकवले, आता स्वतःसाठी ते वाकवायचे कसे?

टेबलं सात. पाचव्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की डॉक्टरांच्या दाखल्याची दुसरी प्रत नाही. फाइल पहिल्या टेबलावर परत आली. पहिलं टेबल त्यांचंच होतं. त्यांनी प्रत जोडली. पुढच्या खेपेला घराचा नकाशा जुना निघाला.

"कुठवर आली?" ती रोज संध्याकाळी विचारायची.

"सहाव्यावर."

"म्हणजे आलीच की जवळ."

मग तिनं विचारणं सोडलं. खिडकीशी बसून राहायची. तिथून झाडाचा शेंडा तेवढा दिसे. त्यांना सगळं कळत होतं, आत तुटत होतं, पण सुताराला हाक मारायला जीभ रेटली नाही.

ती गेली, तेव्हा चौघांनी तिला त्या पायऱ्या उतरवून नेलं. त्याला कुणी मंजुरी मागितली नाही.

पंधरवड्यानं उताराची मंजुरी आली. मंजूर काम रद्द करायचं तर पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा सात टेबलं. त्यामुळे सुतार फळ्या घेऊन आला आणि खाली मान घालून काम करून गेला. जाताना त्यानं कागद पुढे केला. 'लागलेला वेळ' या रकान्यात लिहिलं होतं, पंचवीस मिनिटं.

त्रुटीसाहेबांनी कागद दोनदा तपासला. एकही त्रुटी नव्हती. त्यांनी सही केली आणि नव्या उतारावर बसून ते लहान मुलासारखे रडले.