मागच्या रांगेचा खोकला

संगीताच्या सरांचा कान भलताच तिखट. वर्गभर मुली एकदम गात असल्या तरी कुणाचा सूर घसरला ते सर डोळे मिटून सांगत, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका. अशा सरांना मागच्या रांगेचा खोकला मात्र कळला नाही. त्यांना वाटलं, साथ आलीय. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घरून मिठाचं कोमट पाणी आणून रांगेला गुळण्या करायला लावल्या. मुलींनी निमूटपणे केल्या आणि तालमीत पुन्हा खोकल्या.

एके दिवशी शिडी पुढे आली. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शिडी. हे नाव तिला विचारून कुणी ठेवलं नव्हतं, पण सरसुद्धा त्याच नावाने हाक मारत. ती म्हणाली, "सर, माझी ओळ दुसऱ्या कुणाला द्या. मी गाणं सोडतेय."

एवढा स्वच्छ गळा वर्गात दुसरा नव्हता. सरांनी तिला शेवटचं एकदा गायला सांगितलं आणि त्या दिवशी डोळे उघडे ठेवले. बाकीच्यांच्या ओळी बिनखोकल्याच्या पार पडल्या. शिडीने तोंड उघडलं मात्र, मागून खोकला सुरू. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. शिडीची मान खाली गेली, आवाज थांबला. 

सर हात उगारून ओरडणार, इतक्यात त्याच रांगेतली एक लहानखुरी मुलगी बाहेर आली. ही इतकी बेसूर, की सरांनीच तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ती शिडीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिची ओळ खड्या आवाजात गाऊ लागली. सूर पार बाराच्या भावात गेला. मागून एकच खोकला आला, पण त्याला साथ कुणी दिली नाही. शिडीने मान वर केली आणि तीही गायला लागली.

सरांचा हात हवेतच राहिला. एवढ्याशा गळ्यात इतकं धाडस मावतं कसं? आयुष्यभर सूर ऐकले, पण असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

गाणं संपल्यावर लहानखुरी घाबरून म्हणाली, "सर, चुकून मोठ्याने गायले."

"रोज गा," सर म्हणाले. मग मागच्या रांगेला शांतपणे सांगितलं, की यापुढे खोकला कुणाला, कधी येतो ते मी उघड्या डोळ्यांनी ऐकणार आहे.

आणि शिडीला त्यांनी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. दोनदा मारावी लागली. आपल्यालाच बोलावताहेत, हे तिला आधी कळलंच नाही.